रोमन शिपायाचा पगार आणि आपलं भोकरदन

बसच्या आवाजात ज्यांना हा भाग नीट ऐकू आला नाही, किंवा मध्येच ज्यांचा डेटा संपला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलता बोलता थोडं इकडे-तिकडे झालं होतं, ते लिहिताना सरळ केलंय.

रोमवरचा मागचा भाग झाल्यावर एकाने विचारलं, "सीनेट, सीझर, लीजन, सगळं भारी आहे. पण जुन्या जालन्यात बसून आपण हे कशाला ऐकायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज गांधी चमनपासून निघायचं, राजूरच्या गणपतीला हात जोडायचे आणि पुढे भोकरदनला जायचं. जेमतेम साठ किलोमीटर. तिथून मग रोम.

पण आधी शिपायाचा पगार समजून घेऊ, कारण रोमचं अर्धं राजकारण त्या पगारात आहे.

रोममध्ये राजा नव्हता, प्रजासत्ताक होतं, तेव्हा सैनिकाला निवृत्तीनंतर जमीन कोण देणार? सरकारने पक्की सोय केली नव्हती. ती मिळवून द्यायचा त्याचा सेनापती. मग सैनिक कोणाचं ऐकणार? सरळ आहे, सेनापतीचं. इ.स.पू. ८८ मध्ये सुल्लाने स्वतःचं सैन्य घेऊन रोमवरच चाल केली. इ.स.पू. ४९ मध्ये सीझरने रुबिकॉन नदी ओलांडली, तेव्हाही त्याचे सैनिक त्याच्याबरोबर गेले. सीनेट बघत राहिली.

पुढे ऑगस्टसने हे दुखणं ओळखलं. सैनिक सेनापतीकडून सोडवायचा, तर त्याचं पोट सरकारने भरायला हवं. साध्या शिपायाचा पगार वर्षाला ९०० सेस्टर्स. सेस्टर्स म्हणजे रोमचं रोजच्या हिशेबातलं नाणं. यातूनच जेवण, कपडे, बूट यांचे पैसे कापले जायचे. नोकरी वीस वर्षांची, प्रत्यक्षात बऱ्याचदा त्याहून जास्त. तोवर कायदेशीर लग्न करायला बंदी. आणि शेवटी निवृत्तीची रक्कम १२,००० सेस्टर्स. त्यासाठी इ.स. ६ मध्ये वेगळा लष्करी खजिना काढला आणि रोमन नागरिकांच्या वारसाहक्काच्या मालमत्तेवर पाच टक्के कर बसवला. श्रीमंत मंडळी चिडली. पण सैन्य शांत राहिलं.

आता बघा, अशा पंचवीसेक लीजन पोसायच्या. एका लीजनमध्ये साधारण पाच हजार माणसं. एवढा पैसा फक्त वारसांकडून येत नाही. इथे आपला संबंध सुरू होतो.

इ.स.पू. ३० मध्ये ऑगस्टसने इजिप्त ताब्यात घेतला आणि तांबड्या समुद्राचा रस्ता रोमच्या हातात आला. स्ट्राबो नावाचा भूगोलकार लिहितो, की त्याच्या काळात एकाच बंदरातून १२० जहाजं भारताकडे जायची. पावसाळी वाऱ्यावर यायचं, वारा उलटला की परत जायचं. भारतातून आलेल्या मालावर रोमन सरकार २५ टक्के जकात घ्यायचं. शंभराच्या मालावर पंचवीस!

हा माल कुठला? पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेलं 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचं पुस्तक आहे. त्यात आपलं पैठण आहे आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान दगड, तेरहून सुती कापड. रस्ता नसलेल्या मुलखातून हा माल गाड्यांवर लादून भडोचला जायचा. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर, केळणा नदीकाठी होतं भोगवर्धन. म्हणजे आजचं भोकरदन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये या गावची माणसं आहेत. तिथल्या दगडावर गावाचं नाव कोरलेलं आहे.

१९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठाने भोकरदनला उत्खनन केलं. त्यात एक तुटलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. अभ्यासकांचे डोळे चमकले. कारण १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या एका घरात जवळजवळ तशीच मूर्ती सापडली होती. उंची साधारण वीतभर, दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन सेविका. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत ते शहर गाडलं गेलं, त्याआधीच ती तिथे पोचली होती. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लोक तिला 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणतात, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते ती यक्षी आहे. ती नेमकी कुठे कोरली यावर वाद आहे. त्या वादात भोकरदनचं नाव मानाने घेतलं जातं.

गंमत पुढे आहे. रोममधले मोठे लोक या व्यापारावर जाम नाराज होते. इ.स. २२ मध्ये सम्राट टायबेरियसने सीनेटला पत्र लिहून कुरकुर केली, की बायकांच्या दागिन्यांपायी आपला पैसा परक्यांकडे चाललाय. प्लिनीने तर आकडाच दिला: भारत दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. आपण भागाकार करू. ५ कोटी भागिले ९०० म्हणजे ५५ हजारांहून जास्त शिपायांचा वर्षाचा पगार. अकरा लीजन! हाच प्लिनी पुढे व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला.

पण प्लिनीच्या हिशेबात एक बाजू राहिली. केरळच्या मुझिरिस बंदरातून निघालेल्या एका जहाजाच्या मालाचा हिशेब दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर मिळालाय. जकात वजा करून तो माल सुमारे ६९ लाखांचा. म्हणजे जकात झाली २३ लाखांच्या आसपास. तोवर शिपायाचा पगार १२०० झाला होता. म्हणजे एका जहाजाच्या जकातीत सुमारे १९०० शिपायांचा वर्षाचा पगार. जो पैसा 'बाहेर जातोय' म्हणून ओरड होती, त्याच व्यापारातून खजिना भरत होता. ओरड मोठ्या लोकांची, फायदा खजिन्याचा.

आणि राजकारण फक्त तिकडेच नव्हतं हं. इकडे सातवाहन आणि क्षत्रप बंदरांवरून भांडत होते. पेरिप्लस सांगतो, की कल्याणला चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. जकात कोण घेणार, यावरचंच हे भांडण.

आता महत्त्वाचं. "रोमन सैन्य मराठवाड्यात आलं होतं" असा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. लीजन इथे कधी आली नाही. आला तो व्यापार. आपला अभिमान खोट्या लढाईवर कशाला उभा करायचा? खरी गोष्ट जास्त मोठी आहे: केळणेच्या काठावर कुणीतरी हस्तिदंत कोरत होता, तेरला कुणीतरी सूत कातत होतं. त्यांना रोम माहीत असेल-नसेल. पण जर्मनीच्या थंडीत पहारा देणाऱ्या शिपायाच्या पगारात त्यांच्या कष्टाचा वाटा होता.

त्या शिपायाचा पगार, त्याची कपात, त्याची निवृत्ती, सगळं लिहून ठेवलंय. मूर्ती कोरणाऱ्याचं नाव कुठेच नाही. 'जालना सोने का पालना' म्हणताना हा पाळणा हलवणारे हात कोणाचे, तेही आठवा. आणि पुढच्या वेळी भोकरदनला गेलात तर दोन मिनिटं नदीकाठी थांबा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!