बी बाजूला कॉम्प्युटर

ब्रिटनमध्ये जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या वस्तू जमवणाऱ्यांना एका कॅसेटचं मोठं अप्रूप असतं. सी-१५ कोरी कॅसेट, वेष्टन न फाडलेली, लेबलावर ठळक ‘कॉम्प्युटर’ असं छापलेलं. दोन्ही बाजू मिळून फीत १५ मिनिटांची. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या माळ्यांवर अशी वेष्टनबंद कॅसेट हुडकत बसण्यात फारसा अर्थ नाही. इकडे कोरी कॅसेट घेतली जायची ती भरण्यासाठी, आणि एकदा भरून तिचं काम क्वचितच संपायचं.

फिलिप्सने १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली तेव्हा तिच्यावर बोलणं आणि पुढे गाणी भरली जातील, एवढीच कल्पना होती. बारा वर्षांनी, नोव्हेंबर १९७५ मध्ये, ‘बाइट’ मासिकाच्या पुढाकाराने कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम कॅसेटवर कसे साठवायचे हे ठरवायला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत एक बैठक झाली. फ्लॉपीचं यंत्र हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचं. टेपरेकॉर्डर मात्र घरोघरी. मग शून्यासाठी १२०० हर्ट्झचा सूर, एकासाठी २४०० हर्ट्झचा, आणि वेग सेकंदाला ३०० बिट, असा संकेत ठरला. एप्रिल १९८२ मध्ये आलेल्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरने स्वतःची वेगळी पद्धत वापरली. तिचा वेग सरासरी दीड हजार बिटच्या आसपास होता. त्या वेगाने ४८ किलोबाइटची मेमरी भरायला सव्वाचार मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागे. आखूड कॅसेटचं कारण याच हिशेबात आहे. पाच मिनिटांच्या प्रोग्रॅमसाठी तासाभराची फीत पुढे-मागे पळवायची कशाला?

भारतात हे सगळं जरा उशिरा आलं. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून १९८४-८५ पासून निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो पोचले. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ बाजारात आणला. तो काही हजार खपला आणि १९९० पर्यंत ही बाजारपेठ विझली. म्हणजे सगळा काळ जेमतेम चार-पाच वर्षांचा. डोंबिवलीच्या एखाद्या मजल्यावर असा एक कॉम्प्युटर असला तरी शेजारपाजारची मुलं तिथे जमावीत, इतका तो दुर्मीळ.

या यंत्राला स्वतःचा पडदा नव्हता आणि स्वतःची साठवणही नव्हती. पडदा म्हणून घरातला टीव्ही, साठवण म्हणून घरातला टू-इन-वन. दोन्हींवर हक्क मोठ्यांचा. ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी लागायचं. त्या वेळात कॉम्प्युटरचं नावही काढायची सोय नव्हती. टीव्ही मोकळा मिळाला की वायर जोडायची, आवाजाची चकती नेमक्या खुणेवर आणायची आणि प्ले दाबायचं. आधी एक लांब शिट्टी, मग खरखरीचा कर्कश ओघ, पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे. आवाज थोडा कमी पडला किंवा फीत जराशी डगमगली की इंग्रजीत ‘टेप लोडिंग एरर’ उमटे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. वीज गेली तर मेमरीतलं सगळं पुसलं जाई. वीज मंडळाच्या हद्दीत राहणाऱ्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

कोरी कॅसेट म्हणजे बहुधा सी-६० किंवा सी-९०. जाणकार साठची शिफारस करत. नव्वदची फीत पातळ, आणि एकशेवीसची तर इतकी पातळ की ताणली जायची, यंत्रात गुंतायची. महागडी क्रोम फीत या कामाला लागतच नव्हती. साधी आयर्न ऑक्साइडची पुरे. अस्सल टीडीके हवी असेल तर आखातातून सुट्टीवर येणाऱ्या नातेवाइकाला सांगून ठेवायचं. नाहीतर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. त्या रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने दुकान विचारणारा गिऱ्हाईक विरळाच. एवढा खटाटोप ज्यांना जमत नसे त्यांच्यासाठी तिसरा मार्ग होता, आणि इथल्या संग्रहाची खरी गंमत त्यातच आहे.

कारण ऐंशीच्या दशकात गाण्यांच्या भरलेल्या कॅसेटचा नुसता पूर आला होता. गुलशन कुमारांनी १९८३ मध्ये टी-सिरीज काढली आणि स्वस्ताईच्या जोरावर जुन्या कंपन्यांना घाम फोडला. कल्याणात राहिलेले प्रल्हाद शिंदे आणि त्यांचे पुत्र आनंद व मिलिंद यांचा आवाज टपरी-टपरीवरून ऐकू यायचा तो कॅसेटमुळेच. भरलेल्या कॅसेटवर चुकून काही भरलं जाऊ नये म्हणून पाठीमागची प्लॅस्टिकची टिकली काढलेली असे. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला की झाली कोरी! ऐकून कंटाळा आलेली आरत्यांची कॅसेट अशी कामाला लागे. ए बाजूला भावगीतं आणि बी बाजूला कॉम्प्युटर, ही वाटणी तर घरात भांडण न होता मान्य व्हायची. मात्र बाजू उलटी लागली की भावगीतांऐवजी ती खरखर घरभर घुमे आणि यंत्र बिघडलं म्हणून ओरड होई.

ब्रिटिश संग्राहक वेष्टनाला किंमत देतो ते त्याच्या जागी ठीक. पण न उघडलेल्या कॅसेटमध्ये ऐकण्यासारखं काय असतं? इकडच्या वापरून झिजलेल्या सी-६० मध्ये एका घराची आवड, काटकसर आणि दहावीतल्या मुलाचा अर्धवट बेसिक प्रोग्रॅम असं सगळं एकावर एक भरलेलं असतं. बाजारात तिला दहा रुपयेही कोणी देणार नाही, तरी जमवायची तर हीच.

जपणं मात्र कठीण. खाडीकाठची दमट हवा फितीला मानवत नाही. गुंडाळीवर पांढरी बुरशी चढते, आणि तशीच कॅसेट यंत्रात घातली तर हेडवर पसरून पुढच्या कॅसेटलाही लागते. २६ जुलै २००५ च्या पुरात कल्याण परिसरातल्या तळमजल्यांवरची कपाटं पाण्यात गेली, त्यात कॅसेटचे डबे किती होते याची मोजदाद कोण ठेवणार? जे उरलंय ते आधी आवाज म्हणून उतरवून घ्यावं आणि मगच त्यातून प्रोग्रॅम काढायच्या खटपटीला लागावं. आकार तरी केवढा! अख्ख्या सी-६० मध्ये स्पेक्ट्रमच्या वेगाने साडेसहाशे किलोबाइटच्या आसपास मावतात. मोबाइलवरचा तीन मेगाबाइटचा एक फोटो भरायचा म्हटला तर पाच कॅसेट लागतील आणि साडेचार तासांहून जास्त वेळ जाईल.

उतरवताना आतलं कार्ड फेकू नये. त्यावर पेन्सिलीने लिहिलेले तीन आकडी काउंटर असतात: कुठला प्रोग्रॅम कुठून सुरू होतो याची नोंद. पण प्रत्येक यंत्राचा काउंटर आपल्या चालीने फिरतो. एकावरचा ०८५ दुसऱ्यावर भलत्याच ठिकाणी येतो. हेडचा कोनही तसाच. ज्या टेपवर प्रोग्रॅम भरला त्याच टेपवर तो सर्वांत नीट वाचला जातो. दुसऱ्यावर हेडशेजारचा बारीक स्क्रू किंचित फिरवत, शिट्टी सर्वांत टोकदार ऐकू येईपर्यंत जुळवावा लागतो. म्हणून कॅसेटचा डबा सापडला की त्याच घरातल्या जुन्या टू-इन-वनची चौकशी करावी. तो बहुतेक वेळा आधीच भंगारात गेलेला असतो.