ताळेबंद वाचणारा विधिज्ञ

नानी पालखीवाला हे नाव उच्चारताच थोर घटनातज्ज्ञ डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांची व्यावसायिक जडणघडण मात्र आयकर आणि व्यापारी दाव्यांत झाली, याकडे सहसा लक्ष जात नाही.

१६ जानेवारी १९२० रोजी मुंबईत जन्मलेले पालखीवाला लहानपणी बोलताना अडखळत असत. इंग्रजी साहित्यात एम.ए. केल्यानंतर त्यांना प्राध्यापकी करावयाची होती. ती जागा न मिळाल्याने ते कायद्याकडे वळले. १९४४ मध्ये त्यांनी सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये प्रवेश केला. त्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत पक्षकार वकिलाकडे थेट जात नसे. सॉलिसिटर कागदपत्रे तयार करी आणि मगच ब्रीफ वकिलाच्या हाती येई. साहजिकच हिशेब, करार आणि पत्रव्यवहार बारकाईने वाचण्याची शिस्त नवोदितांना लागे. अवघ्या सहा वर्षांत, १९५० मध्ये, कांगा व पालखीवाला यांचा आयकर कायद्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या शिस्तीचा खरा कस लागला तो बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात. १९ जुलै १९६९ रोजी ५० कोटी वा अधिक ठेवी असलेल्या १४ बँका सरकारने ताब्यात घेतल्या. सार्वजनिक बँकिंगचा पाया घालणाऱ्या या निर्णयाला विरोध करणाऱ्या वकिलाचे कौतुक बँकेच्याच नियतकालिकात करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्यांचा युक्तिवाद बँक म्हणजे नेमके काय, याविषयीच होता. कंपनी ही कायद्याने नागरिक नसल्याने नागरिकांचे मूलभूत हक्क तिला सांगता येत नाहीत. म्हणून याचिका दाखल झाली ती रुस्तुम कावसजी कूपर या भागधारकाच्या नावे. नुकसानभरपाई ठरविताना बँकेचा नावलौकिक, अर्थात गुडविल, आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यांचा उर्वरित काळ हिशेबात धरलाच नव्हता. ठेवीदार ज्या विश्वासाने बँकेकडे येतो, त्याचे मोल शून्य कसे मानावे?

१० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा रद्द ठरविला. चारच दिवसांत नवा अध्यादेश निघाला. नव्या व्यवस्थेत प्रत्येक बँकेच्या भरपाईचा आकडाच निश्चित करून टाकण्यात आला आणि राष्ट्रीयीकरण कायम राहिले.

प्रकरण तेथे थांबले नाही. १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्ताविषयक कलमातील ‘नुकसानभरपाई’ हा शब्द काढून तेथे ‘रक्कम’ हा शब्द घातला. केशवानंद भारती खटल्यात आव्हान दिले गेले, त्यांत ही दुरुस्तीही होती. तेरा न्यायमूर्तींपुढे ६८ दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांची बाजू मांडण्यात पालखीवाला अग्रभागी होते. २४ एप्रिल १९७३ च्या निकालानंतरही ‘रक्कम’ हा शब्द राहिला. परंतु घटनेच्या मूलभूत चौकटीला संसदेस हात लावता येणार नाही, हे तत्त्व त्याच निकालाने प्रस्थापित झाले.