पेशी वाढवायच्या? मग वाढीचं प्रथिन ‘दाव्याला’ बांधा!

पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेतून देशभरातल्या संशोधकांना पेशी पुरवल्या जातात. अशा पेशी प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवायच्या, तर नुसती साखर, क्षार आणि अमिनो आम्लं पुरत नाहीत. ‘आता वाढ’ असा निरोपही लागतो. तो देणारी प्रथिनं म्हणजे वाढघटक. त्यांच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

अडचण काय? द्रवात सोडलेला वाढघटक पेशीला चिकटला की पेशी त्याला आत ओढते आणि बऱ्याचदा पचवून टाकते. निरोप थांबतो, महागडं प्रथिन पुन्हा घालावं लागतं.

मग तो बशीच्या तळालाच बांधला तर? पेशीला गिळता येत नाही, निरोप चालू राहतो.

पण बांधायचा कसा, यातच मेख आहे. खडवलीला भातसाकाठी म्हैस चरायला बांधली आणि दावं आखूड पडलं, तर तिचं तोंड गवताला लागेल का? इथेही तसंच. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लिंडा ग्रिफिथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या यकृतपेशींवर हे दाखवलं. पृष्ठभागावर नुसता चिकटवलेला वाढघटक निकामी ठरला. लांब, लवचीक साखळीने बांधलेला मात्र द्रवातल्यासारखाच कामी आला.

हेच तंत्र जखमेवरच्या पट्टीत किंवा हाडातल्या रोपणात वापरलं, तर औषध वाहून न जाता जागेवर राहील. मात्र वाढीचा निरोप बेलगाम सुरू राहणं हे अनेक कर्करोगांचं लक्षण आहे. म्हणून दावं लांब हवं, पण खुंटाही पक्का हवा.