गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी ही 3 रीडिंग घ्या

दिवाळीत मामेभावासोबत बाईकवर बीडहून केजला निघालो होतो. मांजरसुंब्याचा घाट चढून चहाला थांबलो, आणि नंतर गाडी चालूच होईना. सेल्फ मारला की नुसतं ‘टक टक’. गंमत म्हणजे बॅटरी महिन्यापूर्वीच नवी टाकलेली!

दोष बॅटरीचा नव्हताच. ती चार्जच होत नव्हती.

चार्जिंग होतं कसं?

इंजिन फिरलं की मॅग्नेट कॉइल एसी करंट तयार करते. आरआर युनिट, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर, त्याचा डीसी करून व्होल्टेज मर्यादेत ठेवतं आणि बॅटरीला देतं. मोबाईलच्या भाषेत, बॅटरी ही पॉवर बँक आणि कॉइल व आरआर मिळून चार्जर. चार्जर बिघडला तर पॉवर बँक बदलून काय उपयोग?

आधी हे बघा

बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का, त्यावर पांढरा थर आलाय का, फ्यूज उडालाय का? फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा टाका.

आता मल्टीमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला.

1. गाडी रात्रभर बंद ठेवून: 12.6 च्या आसपास म्हणजे बॅटरी फुल. 12 च्या खाली म्हणजे उतरलेली.

2. गाडी चालू करून, थोडी रेस देऊन: 13.5 ते 14.5 आलं तर चार्जिंग ठीक, तरीही बॅटरी टिकत नसेल तर मग बॅटरी तपासा. आकडा 12.5 वरच अडकला तर चार्जिंग बंद. 15 च्या वर गेला तर आरआर खराब, आणि ते नवी बॅटरीसुद्धा खाईल.

3. कॉइल: बऱ्याच गाड्यांत कॉइलमधून तीन पिवळ्या वायरी येतात. प्लग काढा, मीटर एसीवर घ्या आणि गाडी चालू असताना दोन-दोन वायरींमध्ये रीडिंग घ्या. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत आणि रेस दिली की वाढायला हवेत. एक कमी आला तर कॉइलमध्ये दोष. तिन्ही ठीक असतील तर आरआर किंवा वायरिंग बघा.

भावाच्या गाडीत आरआरचा प्लगच वितळला होता. कारण? जादा लावलेले 40 वॅटचे एलईडी फॉग लॅम्प. ते एकटेच 3 अँपिअरच्या वर ओढतात, आणि त्यांचं कनेक्शन नीट नव्हतं. त्यामानाने 10 वॅटचा मोबाईल चार्जर जेमतेम 1 अँपिअर घेतो. त्यात 1 एप्रिल 2017 पासूनच्या नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच असतो.

हे करू नका

गाडी चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची जुनी ‘टेस्ट’ करू नका. व्होल्टेज एकदम वाढून ईसीयू जळू शकतो. आणि बीएस-6 फ्युएल इंजेक्शन गाडी बॅटरी पूर्ण मेल्यावर धक्का मारून चालू होईलच असं नाही, कारण फ्युएल पंपालाही करंट लागतो.

साधा मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. आमचं काम शेवटी एका नव्या प्लगवर झालं. जुनी बॅटरी मात्र भंगारात गेली होती, आणि ती बहुतेक चांगलीच होती.