एक लढाई, दोन बातम्या!

अमेरिकेतल्या अनेक शाळांत यादवी युद्धाचा धडा आला की वर्गाचे दोन गट पडतात. अर्धी मुलं उत्तरेच्या वर्तमानपत्राची वार्ताहर, अर्धी दक्षिणेच्या. लढाई दोघांना एकच, बातमी मात्र आपापल्या बाजूने लिहायची. मग वर्गात जे रण पेटतं, ते विचारू नका! गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेतली अकरा राज्यं संघराज्यातून फुटली आणि 1861 ते 1865 या चार वर्षांत सहा लाखांहून अधिक सैनिक प्राणाला मुकले. या बालवार्ताहरांसाठी त्या काळच्या वार्ताहरांनी आणि सेनापतींनी भरपूर मसाला मागे ठेवलाय. त्यातलाच थोडा इथे.

आधी नावावरूनच भांडण

21 जुलै 1861 रोजी वॉशिंग्टनपासून सुमारे 40 किलोमीटरवर पहिली मोठी लढाई झाली. तिथल्या ओढ्यावरून उत्तरेने तिला ‘बुल रन’ म्हटलं, तर जवळच्या रेल्वे जंक्शनवरून दक्षिणेने ‘मनॅसस’. पुढच्या वर्षी तीच गत. उत्तरेची ‘अँटिटम’ ती दक्षिणेची ‘शार्प्सबर्ग’. मथळा वाचला की पेपर कुणाचा ते कळलंच!

चला, लढाई बघायला!

बुल रनला उत्तरेचा विजय ठरलेलाच, अशा खात्रीने वॉशिंग्टनची बडी मंडळी घोडागाड्यांत खाण्याच्या टोपल्या घालून लढाई बघायला गेली. संध्याकाळी उत्तरेचंच सैन्य पळत सुटलं आणि त्या गर्दीत या गाड्याही अडकल्या. न्यूयॉर्कचे खासदार आल्फ्रेड इली तर शत्रूच्या हाती लागले आणि काही महिने कैदेत बसले.

लंडनच्या ‘टाइम्स’चा विल्यम हॉवर्ड रसेल तिथे हजर होता. त्याने पळापळीचं वर्णन जसंच्या तसं छापलं. उत्तरेतले वाचक भडकले, ‘बुल रन रसेल’ म्हणून त्याची टर उडवू लागले. पुढे सैन्यासोबत जायला परवानगी मिळेना, तेव्हा तो मायदेशी परतला. हाच रसेल 1858 मध्ये आपल्याकडे लखनौला होता, उठावाच्या बातम्या पाठवायला.

‘दगडी भिंत’: कौतुक की टोमणा?

दक्षिणेचा सेनापती जॅक्सन ‘स्टोनवॉल’ झाला तोही याच लढाईत. ‘बघा, जॅक्सन दगडी भिंतीसारखा उभा आहे’, अशा अर्थाचं काहीतरी दक्षिणेचेच जनरल बी म्हणाले आणि काही दिवसांत ते चार्ल्सटनच्या पेपरात झळकलं. पण तो खंबीर उभा आहे म्हणून हे कौतुक होतं, की मदतीला हलत नाही म्हणून चरफड? खुद्द बी यांनाच विचारावं, तर ते दुसऱ्याच दिवशी जखमांनी वारले. दक्षिणेच्या पेपरांनी कौतुकच धरलं, हे काय सांगायला हवं?

पाठीमागून वॉलपेपर

1863 च्या उन्हाळ्यात व्हिक्सबर्ग शहराला उत्तरेच्या सेनापती ग्रँटने वेढा घातला. शहरात लोक खेचराचं मांस खाऊ लागले, छापायचा कागदही संपला. तिथल्या ‘डेली सिटिझन’ने मग भिंतीला लावायच्या वॉलपेपरच्या कोऱ्या बाजूवर अंक काढला. म्हणजे पुढे युद्धाच्या बातम्या आणि पाठीमागे वेलबुट्टी! 2 जुलैच्या अंकात संपादकाने ग्रँटला टोला हाणला की, ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो. 4 जुलैला शहर पडलं. छापखान्यात खिळे जुळवलेले तसेच होते. उत्तरेच्या सैनिकांनी शेवटी चार ओळी वाढवल्या, ग्रँटने ससा पकडल्याचं जाहीर केलं आणि तोच अंक पुन्हा छापला. एकाच अंकात दोन्ही बाजू!

तंबाखू द्या, पेपर घ्या

रॅपहॅनॉक नदीच्या दोन काठांवर दोन सैन्यं. दक्षिणेकडे तंबाखू मुबलक, उत्तरेकडे कॉफी. पहाऱ्यावरचे शिपाई फळकुटाच्या छोट्या होड्या करून, त्यांना शीड लावून माल पलीकडे सोडायचे. सोबत आपल्याकडचा ताजा पेपर. वरिष्ठांची सक्त मनाई, पण ऐकतो कोण? खुद्द दक्षिणेचे सरसेनापती ली उत्तरेचे पेपर बारकाईने वाचत. शत्रूच्या हालचाली त्यात फुकट मिळायच्या.

नाव टाका, नाहीतर कोर्टात या!

बातमीवर वार्ताहराचं नाव छापायची पद्धत अमेरिकेत रुळली, त्यात एका वैतागलेल्या सेनापतीचाही हातभार आहे. लष्करी गुपितं कोण फोडतं ते कळावं म्हणून 1863 मध्ये उत्तरेच्या जनरल हूकरनी हुकूम काढला: बातमीखाली नाव टाका. जनरल शर्मन यांनी तर त्याच वर्षी ‘न्यूयॉर्क हेरल्ड’च्या थॉमस नॉक्सला थेट लष्करी न्यायालयात उभं केलं.

खरेखुरे विद्यार्थी

गेटिसबर्गची टिली पिअर्स 15 वर्षांची शाळकरी पोरगी. 1 जुलै 1863 ला गावात तोफा धडाडू लागल्यावर घरच्यांनी तिला सुरक्षित म्हणून गावाबाहेरच्या शेतघरात धाडलं. ते घर होतं लिटल राउंड टॉप टेकडीपाशी. दुसऱ्या दिवशी घनघोर लढाई झाली ती नेमकी तिथेच! टिली जखमींना पाणी पाजत राहिली आणि 1889 मध्ये तिने हे सगळं पुस्तकात लिहिलं.

दक्षिणेच्या बाजूने 17 वर्षांचा जॉन वाइज. हा व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयाचा छात्र. 15 मे 1864 रोजी न्यू मार्केटच्या लढाईत या विद्यालयाचे 257 विद्यार्थी उतरले. पावसाने शेताचा असा राडा झाला होता की धावताना बूट चिखलातच राहिले. आजही त्या शेताला ‘हरवलेल्या बुटांचं शेत’ म्हणतात. दहा मुलं गेली. वाइज जखमी झाला, पण वाचला. त्याच्या आठवणी 1899 मध्ये पुस्तकरूपात आल्या. पुढे विद्यालयात 15 मे रोजी त्या दहा जणांच्या नावांची हजेरी घ्यायची प्रथा पडली.

मुंबईची चांदी

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले. हाती आलेला पैसा शेअर बाजारात आणि बॅक बेच्या भरावाच्या स्वप्नात ओतला गेला. 1865 मध्ये दक्षिण हरली. तिकडे शांतता, इकडे दिवाळखोरी! सट्ट्याचे बादशहा प्रेमचंद रायचंद यांचंही दिवाळं निघालं. तेजीत त्यांनी दिलेल्या देणगीतून आईच्या नावाने उभा राहिलेला राजाबाई टॉवर मात्र टिकला.

खुर्चीत बसलेला वार्ताहर

एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेची राजधानी रिचमंड पडली. ‘फिलाडेल्फिया प्रेस’चा कृष्णवर्णीय वार्ताहर थॉमस मॉरिस चेस्टर थेट दक्षिणेच्या संसदेत शिरला आणि सभापतींच्या खुर्चीत बसून बातमी लिहू लागला. त्याची आई गुलामगिरीतून पळून आलेली. दक्षिणेचा एक अधिकारी त्याला उठवायला धावला. चेस्टरने त्याला एका ठोशात आडवा केला आणि पुन्हा लिहायला बसला.

आपल्याकडे कुणी गुरुजी किंवा बाई हा उपक्रम करणार असतील, तर जरूर करा. अटी दोनच. एक, आपली बातमी लिहिण्याआधी समोरच्या गटाचा पेपर वाचायचा. दोन, वर्गाचे दोन नव्हे, तीन गट पाडायचे. ज्यांच्या गुलामगिरीवरून हे सगळं पेटलं, त्यांच्या बाजूचा वार्ताहर नसेल, तर बातमी अर्धीच.