गाठ नसलेला स्तनाचा कर्करोग
स्तनाचा कर्करोग म्हणजे गाठ, हे मनात इतकं पक्कं बसलं आहे की गाठ हाताला लागली नाही की बाई निर्धास्त होते. दाहक स्तनकर्करोगात (सूज आणि लाली घेऊन येणाऱ्या प्रकारात) बहुधा गाठ लागतच नाही. कर्करोगाच्या पेशी त्वचेतल्या लसीकावाहिन्या (ऊतींतला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) अडवतात, द्रव तुंबतो आणि काही आठवड्यांतच स्तन सुजून जड, गरम होतो. त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसते: सभोवार फुगलेली, केसांच्या मुळांशी मात्र खळगे. सावळ्या वर्णावर लाली जांभळट किंवा नुसती काळपट दिसते, म्हणून नजरेतून सुटते.

हे जंतुसंसर्गासारखंच दिसत असल्याने आधी प्रतिजैविकं दिली जाणं स्वाभाविक आहे. पण आठ-दहा दिवसांत उतार पडला नाही, तर औषधं बदलत बसू नये. मॅमोग्राफीत काही दिसलं नाही तरी बायोप्सीबद्दल (तुकडा काढून तपासण्याबद्दल) डॉक्टरांना विचारावंच.

शंभर स्तनकर्करोगांत असे एक ते पाच. निदानाच्या वेळीच तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार पाच वर्षांनंतर सुमारे 40 टक्के स्त्रिया हयात असतात. शरीरात इतरत्र पसरण्याआधी सापडला तर निम्म्याच्या आसपास. उपचारांत आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग रेडिएशन. थेट ऑपरेशनची घाई इथे उपयोगाची नाही.