म्हातारपण, वस्ती आणि उदासी

वय झाले की माणूस आपोआप गप्प होतो, असे आपण गृहीत धरतो. या समजुतीला एकेकाळी शास्त्राचाही आधार मिळाला होता. १९६१ साली कमिंग आणि हेन्री या अमेरिकन अभ्यासकांनी मांडले की, वृद्धाने समाजातून हळूहळू अंग काढून घेणे स्वाभाविकच आहे. हॅविगर्स्ट आदींनी याच्या उलट भूमिका घेतली. पण ज्याला आधीच गावकुसाबाहेर ठेवले, त्याने आणखी कशातून अंग काढून घ्यायचे, हा प्रश्न त्या वादात नव्हता.

गावचा पार त्याचा नव्हता, देवळाचा ओटाही नव्हता. त्याची ऊठबस विहारात, समाजमंदिराच्या पायरीवर आणि मजुरांच्या टोळीत. निवृत्ती हा पेन्शनवाल्यांचा शब्द. शेतमजुराचे काम हात चालेनासे झाले की सुटते, आणि त्याबरोबर बांधावरचे बोलणेही सुटते.

हे तुटणे आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. लोकांत जाणे थांबले की मन खचते. मन खचले की माणूस लोकांत जात नाही. ‘बाबा हल्ली येतच नाहीत’ ही कार्यकर्त्यांची तक्रार म्हणूनच पुष्कळदा आजाराचे लक्षण असते. म्हातारा माणूस ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. झोप नाही, जेवण जात नाही, अंग ठणकते, असे सांगतो आणि शक्तीची गोळी घेऊन परततो. २०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची चिन्हे दिसली. निदान झाल्याचे सांगणारे फक्त ०.८ टक्के होते.

गोव्यातला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. नैराश्याच्या उंबरठ्यावरील साठीपुढच्या १८१ जणांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित साधे कार्यकर्ते भेटत राहिले. अडचणी कशा सोडवाव्यात ते शिकवत, झोपेचे पाहत, सरकारी योजनांचा लाभ मिळवायला मदत करत. २०१९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : वर्षभरात यांच्यापैकी सुमारे ४ टक्क्यांना नैराश्य जडले, उरलेल्यांत १४ टक्क्यांना. म्हणजे निराधाराचा अर्ज भरून देणे हेही मनाच्या उपचारात मोडते! आजार खोल गेला असेल तर मात्र डॉक्टर आणि औषध हवेच.

१९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले आज ऐंशीच्या आगेमागे आहेत. नामांतरात लाठ्या खाल्लेले साठी-सत्तरीत. चौदा एप्रिलला त्यांना शाल घालून मंचावर बसवतात, आणि ठराव ठरतात दुसरीकडे. सहभाग म्हणजे त्यांना विचारणे, हिशेब त्यांच्याकडे देणे, वर्षावासात वाचन झाल्यावर निरक्षर आजीलाही बोलायला लावणे. आमच्या बैठका रात्री नऊनंतर भरतात. जिन्याला कठडा नाही, वाटेवर दिवा नाही, बायकांना मुतारी नाही. संध्याकाळी पाचला बोलवावे, तर तरुण पोरे कामावरून सुटलेली नसतात, ही अडचणही खरीच आहे. निदान रविवारची एक बैठक तरी उजेडात घेता येईल.